मिनिटाला हजार फूट

मी कुणाला पटकन शाबासकी देत नाही. नारायण पेठेत वाढलेल्या माणसाकडून कुणी ती अपेक्षाही ठेवत नाही. आमच्या कंपनीतले वैमानिक पाठीमागे म्हणतात, माधव सर 'ठीक' म्हणाले की पेढे वाटावेत.

त्या दुपारी येरवड्याच्या निकिता ओव्हाळची कॅप्टनपदाची शेवटची परीक्षा होती, पुणे ते दिल्ली. डाव्या खुर्चीत ती, उजवीकडे परीक्षक म्हणून मी. विमान तिच्या हाती, रेडिओवरचं बोलणं माझ्याकडे. आधीच्या दोघांना मी नापास केलं होतं, हे तिला ठाऊक होतं.

विमान गच्च भरलेलं. लोहगावहून उडाल्यावर झपाट्याने चढलो. वर हवा विरळ होत जाते तसा चढ मंदावतो. मिनिटाला अडीच हजार फूट, मग दीड हजार, आणि एकतीस हजार फुटांजवळ जेमतेम सातशे. तिने ओढाताण केली नाही. पुढे जायचा वेग राखला आणि चढ मिळेल तेवढाच घेतला.

तेवढ्यात रेडिओवर हवाई नियंत्रकाने विचारलं, मिनिटाला हजार फुटांनी चढाल का? जमत असेल तर थेट पस्तीस हजार फुटांची उंची देतो, नाहीतर आडवं जाणारं विमान निघून जाईपर्यंत एकतीसवर थांबा. खाली थांबलं की इंधन जास्त जळतं.

"मिळतंय तर घ्या," मी म्हणालो. "हजार लावा. चार मिनिटांचा तर प्रश्न आहे."

हा काही परीक्षेतला सापळा नव्हता. मला खरंच तसं वाटत होतं.

तिने वजन पाहिलं, इंधन पाहिलं, बाहेरच्या हवेचं तापमान पाहिलं. हजार मागितले तर विमान नाक वर करून ते देतं, पण पुढच्या वेगातून कापून. तो वेग फार उतरला की पंखांना हवेचा आधार उरत नाही.

"सर, त्यांना नाही म्हणून सांगा," ती म्हणाली. आवाज कोरडा पडला होता, हात स्थिर होता. "आपण एकतीसवर थांबतोय. इंधन पुरतंय."

सव्वीस वर्षांत मी कितीतरी जणांना नाही म्हटलं, पण दुसऱ्याच्या हुकमावरून कधीच नाही. नियंत्रकाला नाही म्हटलं, आणि रागारागाने तिची चूक काढायला विमानाच्या क्षमतेचा तक्ता उघडला. बाहेरची हवा नेहमीपेक्षा बारा अंशांनी गरम होती. मी वजन पाहिलं होतं, हवा पाहिलीच नव्हती. गरम हवा आणखी विरळ; तिच्यात पस्तीस हजार आम्हाला झेपणारच नव्हते. मागे एकशे ऐंशी माणसं निवांत चहा पीत होती. मी तक्ता मिटला.

हे कुठे शिकलात, असं मी विचारलं.

"पुस्तकातच, सर." मग म्हणाली, "आजोबा मार्केट यार्डात हमाल होते. ते म्हणायचे, पोतं घेऊन फळी चढताना पाऊल बारीक पडलं तरी चालतंय, दम मोडायचा न्हाई."

अर्ध्या तासाने इंधन जळून विमान हलकं झालं, हवाही गार झाली. मग तिने उंची मागितली, तीही तेहतीस हजारच.

दिल्लीत उतरल्यावर मी फॉर्मवर शेरा लिहिला आणि तिच्यासमोर सरकवला. 'परीक्षकाने सुचवलेला चढ धोक्याचा होता. कॅप्टन ओव्हाळ यांनी तो नाकारला.'

"सर, मी अजून कॅप्टन नाही," ती म्हणाली.

"खाली सही आहे. वाचता येतं ना?"

तिचे डोळे भरून आले. खरं सांगतो, मला तिचा फार अभिमान वाटला. तेवढं मात्र बोललो नाही. मला नारायण पेठेत परत जायचं होतं.