मनुबाईची मूठ

मी कमठा बोलतोय, बाण मारायचा कमठा. माण तालुक्यातल्या एका वस्तीवर आज सकाळपासून खुंटीला टांगलंय मला, तेही दोरी ताणून चढवलेलीच ठेवून. अंग नुसतं अवघडलंय. बोलल्यावाचून राहवत नाही.

माझा जन्म चौऱ्याहत्तर सालचा. म्हातारा केरबा मेंढपाळ. त्याचा मुलगा गुंडा मुंबईला गोदीत, आणि मेंढरांमागं सून मनुबाई. त्या वर्षी लांडग्यानं पंधरवड्यात तीन कोकरं नेली. केरबानं सुनेला बजावलं, "आनखी एक गेलं की मेंढरं इकायची. मग तू जा मुंबैला गुंड्याकडं." मनुबाईला मुंबईच्या नावानंच धडकी भरायची. ही मेंढरं तिनं पोटच्या पोरांसारखी वाढवलेली.

शेवटचा उपाय म्हणून म्हाताऱ्यानं मला घडवलं. मेसाच्या बांबूची काठी शेकली, तासली, मनुबाईला उभं करून तिच्या हनुवटीइतकी माझी लांबी घेतली. घायपाताची दोरी वळून चढवली. मग दोरी आणि काठीच्या मधे स्वतःची मूठ धरून वर अंगठा उभा केला. "एवढं अंतर पायजे. आमच्या बाचं माप हाय."

केरबाची मूठ म्हणजे नारळ! माझी पाठ मोडायची वेळ आली, पण विचारतो कोण? बाण सुटला की मी थरथरायचो, मनुबाईच्या हाताला हिसका बसायचा आणि बाण लांडगा जिथून यायचा त्या ओढ्याच्या अलीकडंच पडायचा. "बाईचा हात," केरबा म्हणायचा. अशी चीड यायची मला!

एका दुपारी रानात मनुबाईनं गुपचूप दोरीचा पीळ सोडला. पीळ सुटला की दोरी लांबते आणि काठीजवळ येते. मला हायसं वाटलं, पण तिनं जरा जास्तच सोडला होता. बाण सोडताच दोरी सपकन तिच्या मनगटावर बसली. संध्याकाळी केरबाला तो वळ दिसला.

"दोरीला कुनी हात लावला?"

सासऱ्यापुढं मनुबाईनं कधी मान वर केली नव्हती. पदर सारखा करून ती म्हणाली, "मीच. आवं मामंजी, उंची माजी घेतलीसा आन मूठ मातर तुमची लावलीसा. वडनार तर मी हाय न्हवं?"

म्हाताऱ्यानं मला उचललं. आता मी चुलीत जाणार, असं मला वाटलं. पण त्यानं मला तिच्यापुढं धरलं. "लाव तुजी मूठ."

तिनं मूठ लावली. त्यानं पीळ भरत भरत दोरी बरोबर तिच्या अंगठ्याच्या टोकाशी आणली. माझ्या अंगातली कळच गेली.

तिसऱ्या दिवशी लांडगा कोकरू धरून ओढ्यापलीकडं निघाला. मनुबाईनं मला ओढलं आणि बाण त्याच्या नाकापुढच्या मातीत रुतला. कोकरू टाकून तो पळाला. मुंबईचं नाव पुन्हा निघालं नाही.

याला पाच वर्षं झाली. परवा ओढ्याकाठी पुन्हा लांडग्याची पावलं दिसली. आणि नेमका काल गुंडा रजेवर आला. आज सकाळी त्यानं मला मनुबाईकडून काढून घेतलं, जोर लावून पीळ भरला नि खुंटीला टांगलं. "पाव्हनं येनार हायती, त्यास्नी दावायचाय." ती रिकाम्या हातानं रानात गेली.

केरबाला आता दिसत नाही. मघाशी चाचपडत त्याचा हात माझ्यावर आला. दोरीपर्यंतचं अंतर त्यानं बोटांनी मोजलं.

"गुंड्या, ही कुनाची मूठ रं?"

"माजी."

"वडनार कोन? तू?" म्हातारा खेकसला. "दोरी उतर आन मनूला नेऊन दे. तिची ती चढवंल."

"चा पिऊन जातो की," गुंडा म्हणाला.

तो अजून बशीत फुंकर घालतोय. उन्हं कलली. अरे गुंडा, ऊठ ना! ती एकटी आहे ओढ्यावर.