काचवाल्यांच्या गाडीचे चार दिवे

"उतरताना आधी किल्ली काढायची, भिंगरे. मग दार उघडायचं. बाकीचं जग नंतर."

हे शब्द मी इतक्या वेळा ऐकले आहेत की माझ्या पत्र्याला वाचा असती, तर मीच ते घडाघडा म्हणून दाखवले असते. आपल्या लेकीला ते बजावणारे आमचे काचवाले आता नाहीत. म्हणून ते शब्द मीच मनातल्या मनात आळवत असतो.

मित्रांनो, मी एक जुना पिकअप ट्रक आहे. रंगाने फिकट निळा. जिथे ऊन लागते तिथे पांढुरका झालो आहे आणि जिथे पाणी मुरते तिथे तांबूस. माझा जन्म झाला त्या काळात गाड्यांना फार दिवे नसत. पुढे दोन मोठे, मागे दोन छोटे लाल. ब्रेक दाबला की ते लाल दिवे उजळत, एवढेच त्यांचे काम. वळायचे असेल तर चालकाने खिडकीतून हात बाहेर काढायचा आणि मागच्याने तो समजून घ्यायचा.

पहिली काही वर्षे मी पिठाची पोती वाहिली. मग काचवाल्यांनी मला घरी आणले. खिडक्यांना, कपाटांना, दुकानांना काचा बसवणे हा त्यांचा धंदा. त्यांनी माझ्या पाठीवर लाकडाची एक तिरकी चौकट उभी केली आणि तिला जुन्या कांबळ्याच्या पट्ट्या ठोकल्या. काच कधी झोपवून नेत नाहीत, मित्रांनो. आडवी काच एका खड्ड्यात तडकते, उभी काच रस्ताभर तोल सांभाळते. काचा घेऊन मी निघालो की झाडे, ढग, घरे, सारे माझ्या पाठीवरून चालत जाई. इतके सुंदर ओझे फार थोड्या गाड्यांच्या वाट्याला येते.

काचवाले मला इतके हळू चालवत की त्यांचा मेहुणा म्हणे, "दाजी, तुमच्या गाडीमागे सापडलेल्या माणसाला मुक्कामी पोचेपर्यंत म्हातारपण येतं."

"येऊ दे की. जिवंत पोचल्यावरच येतं ना," काचवाले म्हणत.

हा मेहुणा गाड्यांच्या वायरिंगची कामे करी. काचवाल्यांच्या पत्नीचा तो धाकटा भाऊ. तो तिला अक्का म्हणे, म्हणून मीही तिला अक्काच म्हणतो. अक्काचा एक नेम होता. सकाळी मी बाहेर पडण्याआधी ती ओल्या फडक्याने माझे दोन्ही लाल दिवे पुसायची. पाऊस असो, ताप असो, दिवे पुसल्याशिवाय तिने कधी पाण्याचा घोट घेतला नाही. पुसताना ओठ हलत. काय म्हणत असे ते मला कधी ऐकू आले नाही, पण कुणासाठी म्हणते ते कळत होते.

किल्लीचा नेम काचवाल्यांचा. तो कसा लागला तेही सांगतो. त्यांची लेक, जिला ते भिंगरी म्हणत, तेव्हा चार वर्षांची होती. काचवाले फाटकात काच चढवत होते. ही पोर हळूच आत चढली आणि तिने किल्ली फिरवली. मी गिअरमध्ये होतो. मी हिसका देऊन दोन हात पुढे गेलो आणि आरसा फाटकावर फुटला. पोरीला ओरखडाही आला नाही, पण काचवाले तिला छातीशी धरून त्या तुकड्यांतच मटकन बसले. त्या दिवसापासून त्यांनी किल्ली माझ्यात कधी सोडली नाही. दोन मिनिटांसाठी उतरले तरी किल्ली खिशात. भिंगरी मोठी झाली, त्यांच्या शेजारी बसून मला चालवायला शिकली, तेव्हा पहिला धडा तोच.

एकदा वळणावर मी बंद पडलो आणि मागून आलेली मोटार जेमतेम वाचली. हे कळल्यावर अक्काने भावाला बोलावले. "नव्या गाड्यांना असतात तसे चारही दिवे एकदम लुकलुकणारे लावून दे ह्या म्हाताऱ्याला. काचा घेऊन रस्त्यात उभे राहतात आणि कुणाला दिसत नाहीत."

"कोणता म्हातारा, अक्का? गाडी की दाजी?"

"दोघांना लाव," अक्का म्हणाली.

त्या रविवारी तो माझ्या डॅशबोर्डखाली पाठीवर झोपला. पुढे त्याने दोन पिवळे दिवे बसवले. मागे माझे जुने लाल दिवेच वापरले. स्टिअरिंगच्या दांड्याला पट्टीने एक खटका आवळला आणि खाली एक छोटी डबी अडकवली, जिच्यातून टिक-टॉक आवाज येतो. खटका वर-खाली केला की वळायच्या बाजूचे दिवे, आणि बाहेर ओढला की चारही दिवे लुकलुकणार. म्हातारपणी अंगावर नवा दागिना आला म्हणून मी मनातून हरखलो होतो.

त्या खटक्यातून दोन लाल तारा निघत होत्या. एक किल्लीच्या तारेला जोडायची होती, वळताना लागणाऱ्या दिव्यांसाठी. दुसरी सरळ बॅटरीला. म्हणजे गाडी बंद असली, किल्ली काढलेली असली, तरी धोक्याचे दिवे चालू राहतात. पण बॅटरीपर्यंत तार न्यायला इंजिन आणि बैठकीच्या मधल्या पत्र्याला नवे भोक पाडावे लागणार होते आणि ड्रिल दुकानात राहिले होते. आतून अक्काने जेवायला हाक मारली. मग दुसऱ्यांदा मारली. त्याने दोन्ही तारा एकत्र पिळल्या आणि किल्लीच्या तारेला जोडून टाकल्या.

"सध्या राहू दे. ड्रिल आणलं की बघू," तो स्वतःशीच पुटपुटला.

मग तो स्टिअरिंगवर बसला, किल्ली फिरवली, खटका ओढला. काचवाले मागे उभे होते.

"लागले का, दाजी?"

"लागले. दोन्ही लागले. अरे, अगदी लग्नघरासारखे दिसतात."

"मग आता हात बाहेर काढून लोकांना टाटा करत जाऊ नका."

सगळे हसले आणि जेवायला गेले. तपासताना माणूस आत बसलेला होता, किल्ली जागेवर होती. ती काढून पाहावे असे कुणाच्याच मनात आले नाही. सात महिने चारही दिवे एकदम लावायची गरज पडली नाही, आणि ड्रिलची आठवणही राहिली नाही.

त्या सकाळी दाट धुके होते. पुलाच्या अलीकडच्या चढावर मी गचके खाल्ले आणि थांबलो. पेट्रोलच्या नळीत कचरा अडकला होता. तेव्हा पहिली चूक माझीच. काचवाल्यांनी लगेच खटका ओढला. टिक-टॉक, टिक-टॉक. मागच्या काचांवर लाल उजेड पडू लागला. "चला, दिसतोय आपण," ते म्हणाले. मग सवयीने किल्ली काढली, दार उघडले, उतरले.

दार लागल्याच्या आवाजात ती टिक-टॉक थांबल्याचे त्यांना कळले नाही. ते पुढे आले, बॉनेटला हात घातला, आणि थबकले. माझा पुढचा पिवळा दिवा विझलेला होता. त्यांनी त्याच्याकडे पाहिले, हातातल्या किल्लीकडे पाहिले. मला वाटते, त्या क्षणी त्यांना सगळे कळले. ते दाराकडे वळले. चार पावलांचे अंतर होते.

मागून मालमोटार आली. मी स्वतःहून हललो नाही, मित्रांनो. मला पुढे ढकलले गेले. यापुढचे मला सांगवत नाही.

मला ओढून घराच्या अंगणात आणले, तेव्हा पाठीवरची चौकट मोडली होती आणि एक लाल दिवा फुटला होता. चौथ्या दिवशी मेहुणा आला, एकटाच. इस्पितळातून मिळालेल्या पाकिटातली किल्ली त्याच्या हातात होती. तो माझ्या सीटवर बसला आणि त्याने किल्ली फिरवली.

टिक-टॉक. टिक-टॉक.

खटका बाहेर ओढलेलाच होता. तो तसाच बघत राहिला. मग त्याने किल्ली काढली आणि आवाज थांबला. पुन्हा घातली, पुन्हा सुरू झाला. असे त्याने तीनदा केले. मग खटका आत ढकलला आणि स्टिअरिंगवर कपाळ टेकवले. उतरून गेला तेव्हा अक्का ओट्यावर होती. तो तिला काही बोलला नाही.

सगळे म्हणाले, दिवे लावलेच नव्हते. मालमोटारीच्या ड्रायव्हरनेही तेच सांगितले, आणि तो खोटे बोलत नव्हता. अक्काने ते मनाला लावून घेतले. कुणी समाचाराला आले की ती म्हणे, "माझ्या भावाने लावून दिले होते हो. हात पुढे करून एक खटका ओढायचा होता फक्त. तेवढंसुद्धा जमलं नाही ह्यांना. आमचा विचारच नाही केला." आणि भाऊ शेजारी मान खाली घालून बसलेला असे.

पाच वर्षे मी ताडपत्रीखाली उभा होतो. अक्काने माझे दिवे पुसणे सोडले. माझ्याकडे बघणेही सोडले. गेलेल्या माणसावर रागावता येत नाही म्हणतात, पण ती रागावली होती. त्यांचा फोटोही तिने भिंतीवरून काढून कपाटात ठेवला, हे मला भिंगरीच्या बोलण्यातून कळले. भाऊ मात्र दर आठवड्याला येई. गळकी कौले बदलली, भिंगरीच्या शिक्षणाला हातभार लावला, अक्काच्या दुखण्यात रात्रंदिवस खपला. शेजारणी म्हणत, भाऊ असावा तर असा. ते ऐकले की त्याचा चेहरा पाहवत नसे. इतके सगळे त्याने दिले, आणि जे एक द्यायचे होते तेच द्यायचे राहिले.

मग भिंगरीने ठरवले की बाबांचा धंदा आपण करायचा, आणि ह्याच गाडीवर. तिने माझा चेपलेला पत्रा सरळ करून घेतला, नळ्या बदलल्या, नवी चौकट बसवली. अक्का आधी नाहीच म्हणाली. शेवटी म्हणाली, "मामाने ते दिवे पुन्हा तपासून खात्री दिली, तरच गाडी फाटकाबाहेर जाईल."

मामा आला. या वेळी ड्रिल घेऊन आला. जुन्या पिळलेल्या तारा त्याने सोडवल्या, मधल्या पत्र्याला भोक पाडले, भोकात रबर बसवले आणि एक जाड लाल तार थेट बॅटरीपर्यंत नेली. स्क्रू दोनदा त्याच्या हातातून खाली पडला.

"मामा, चष्म्याचा नंबर वाढला वाटतं," भिंगरी म्हणाली.

"किल्ली काढ," तो म्हणाला. "खिशात टाक आणि मागे जाऊन उभी राहा."

"किल्ली काढून? मग दिवे कसे लागणार?"

"जा ना तू."

त्याने खटका ओढला.

"लागले," ती मागून म्हणाली. ती हळूहळू पुढे आली आणि खिडकीपाशी थांबली. किल्ली तिच्या मुठीत होती.

"मामा, पूर्वी किल्लीशिवाय लागायचे?"

त्याने पक्कड उचलली.

"मला पुन्हा विचारायला लावू नका. तुम्हीच सांगा."

"नव्हते लागत," तो म्हणाला. "बॅटरीची तार मी नेलीच नव्हती. मला ठाऊक होतं न्यायला हवी. दाजींनी खटका ओढला होता, भिंगरे. मी आलो तेव्हा ओढलेलाच होता. मीच तो आत ढकलला."

ती रडली नाही. माझ्या दाराची कड तिने धरली आणि तिची पकड घट्ट होत गेली.

"पाच वर्षं आई बाबांना बोल लावते आहे," ती म्हणाली. "तुमच्यासमोर."

"हो."

"त्यांच्या वर्षश्राद्धालाही ती जेवायला बसताना म्हणाली, आमची काळजी असती तर खटका ओढला असता. तुम्ही वाढत होतात."

"हो गं. ऐकत होतो."

"मी सांगू तिला?"

"नको. तुझ्या तोंडून नको. माझं मी सांगतो."

"कधी?"

"हे आवरलं की. आजच. शब्द देतो तुला."

"आवरायचं मी बघते," भिंगरी म्हणाली, आणि तिने त्याच्या हातातून पक्कड काढून घेतली.

मित्रांनो, मी यंत्र आहे. मला जसे जोडाल तसा मी वागेन. म्हणून तुमच्यापाशी एवढेच मागणे आहे की आमच्यासारख्यांचे काम करताना 'सध्या राहू दे' म्हणू नका, आणि म्हटलेच तर विसरू नका. आणि हातून चूक घडलीच, तर ती दुसऱ्याच्या नावावर पडू देऊ नका. तो माणूस बोलायला उरलेला नसेल तर मुळीच नाही. मला सारे ठाऊक होते. पाच वर्षे मी ताडपत्रीखाली त्याचे ओझे वाहिले, आणि पिठाची पोती त्याहून हलकी होती.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून अक्काचा आवाज आला. "झालं का रे? चहा गाळू?"

"थांब जरा, अक्का," मामा म्हणाला. "नको गाळू. तू बस. मी येतोय."

त्याने हात पुसले नाहीत. चपला माझ्या चाकापाशीच राहिल्या. अनवाणी पायांनी तो अंगण ओलांडू लागला.