रेडू म्हणायचं नाही

मिरजेच्या डॉक्टरांनी बाळासो गडदेच्या गळ्यातली गाठ काढली, तेव्हा गाठीबरोबर आवाजाची पेटीही काढावी लागली. तेव्हापासून तो गळ्याला पांढरा रुमाल बांधतो आणि रुमालामागच्या भोकातून श्वास घेतो. बोलत नाही. लागेल ते हातानं मागतो.

जतच्या पूर्वेला माळावरच्या वाड्यांत बाळासोच्या ओव्यांना मान होता. बिरोबाच्या जत्रेत तो उभा राहिला की ढोल आपोआप थांबायचे. डावा हात कानावर, डोळे मिटलेले, आणि मागं चौघं सूर धरायला. सुंबरान, म्हणजे ओवीआधीचं देवाचं स्मरण, मांडण्याआधी आपलं नाव आणि आज कुठं बसून गातोय ते सांगायचं, ही त्याच्या गुरूची रीत होती. ती त्यानं कधी चुकवली नाही. एकच हौस राहून गेली होती. सांगलीच्या रेडिओवर एकदा गायचं होतं. ते कधी जमलं नाही.

गाठीची बातमी त्याचा पुतण्या धनाजी लोणंदला घेऊन गेला. धनाजी तिथं धैर्यशीलच्या गोदामात कामाला होता. धैर्यशील मूळचा कडेगावचा, घरचा ऊस भरपूर, पण शेतात मन रमलं नाही म्हणून त्यानं लोणंदला धंदा टाकला. चीनमधून तळहाताएवढे गाण्याचे डबे मागवायचे, त्यात भजनं, भारुडं, ओव्या भरून जत्रांत विकायचे. मेंढपाळ तो डबा खांद्याच्या घोंगड्यात बांधतो आणि कळपामागं दिवसभर ऐकत चालतो.

ऑपरेशनच्या आधी धैर्यशील स्वतः वाडीवर आला.

"बाबा, गळा जायच्या आत भरून घेऊ," तो म्हणाला. "मागनं भरता यायचं न्हाई."

रंगुबाईला, म्हणजे बाळासोच्या बायकोला, हे बोलणं लागलं. बाळासो मात्र हसला. देवळामागच्या खोलीत भिंतींना गाद्या लावल्या, समोर माईक ठेवला. बाळासोनं कानावर हात ठेवला आणि रीतीप्रमाणं आधी बोलला :

"राम राम मंडळी. बाळासो गडदे बोलतोय. आज आमी रेडूवर बसलोय. मेंढरं सावलीला वळवा आन् ऐका."

त्या माळावर डब्यातून माणूस बोलला की तो रेडू. टेप आला तेव्हा तोही रेडू होता. रंगुबाई मोबाईललाही बरीच वर्षं रेडूच म्हणायची. खोलीतल्या कुणालाच त्या शब्दात काही वावगं वाटलं नाही. धैर्यशीलनं आवाज चीनच्या कारखान्याला पाठवला. तिथं डब्यांच्या कार्डांत तो भरला गेला आणि माल बोटीनं निघाला.

इकडं बाळासोचा आवाज गेला. जत्रेत पोरांनी मोबाईलवर काढलेले तुकडे होते, पण त्यात ढोलाचाच गोंगाट. वाडीला ठाऊक होतं तेवढ्यापुरता त्याचा आवाज आता फक्त बोटीवर होता. धनाजी सुट्टीला आला की बाळासो दारात उभा राहायचा आणि तळहात कानाला लावायचा. डबा कधी येणार, असं त्याचं विचारणं.

"यील की काका," धनाजी म्हणायचा. "बोट पाण्यातनं येती, रानातनं न्हाई."

बोट आली आणि माल सीमाशुल्क खात्यानं धरला. धैर्यशीलनं कागदात लिहिलं होतं, गाणी वाजवण्याचं यंत्र. खात्याच्या माणसांनी एक डबा उघडला तर आत रेडिओ पकडणारी तार निघाली. बाजूला रेडिओ लावायचं बटणही होतं. खात्याच्या यादीत दोन खाने. भरलेलं गाणं वाजवणारी यंत्रं एकात, रेडिओ ऐकवणारी दुसऱ्यात. खाना बदलला की कर वाढतो, आणि लपवलं असं ठरलं तर दंडही होतो. माल लोणंदच्या गोदामात आणून दाराला सील ठोकलं.

धैर्यशीलचं म्हणणं होतं की रेडिओ त्यात नावापुरता आहे, लोक डबा घेतात तो भरलेल्या ओव्यांसाठी. अधिकारी बाईंना ते पटतही आलं होतं. त्यांचं नाव संयोगिता. मग त्यांनी एक डबा सुरू केला आणि डबा स्वतःच बोलला, आज आमी रेडूवर बसलोय.

"तुमचा माल काय म्हणतो ते ऐकलंत ना?" त्या म्हणाल्या. "जो गातोय त्यालाच बोलवा साताऱ्याला."

धनाजी गाडी घेऊन वाडीवर आला. बाळासोनं नवा रुमाल बांधला, फेटा बांधला, घोंगडं खांद्यावर टाकलं. त्याच्या बाजूनं बोलायला रंगुबाईही निघाली. आपला आवाज ऐकायला चाललोय एवढंच त्याला कळलं होतं. आणि ते खोटंही नव्हतं.

साताऱ्यात धैर्यशील वाट बघत होता त्या हाटेलासमोर गाडी थांबली. बाळासो गाडीतच बसला. धैर्यशीलनं रंगुबाईला बाकावर बसवलं आणि चहा सांगितला.

"काकू, ह्याला काय म्हनायचं?" त्यानं टेबलावर डब्याचं चित्र असलेलं मोकळं खोकं ठेवलं.

"रेडू."

"रेडू म्हनायचं न्हाई. पुन्ना सांगा."

"मग काय म्हनू? रेडूच हाय की त्यो."

"गान्याचा डबा. म्हना."

"गान्याचा डबा," रंगुबाई म्हणाली, आणि तोंडाला पदर लावून हसली. "गूळ ठेवायचा हाय का त्यात?"

धनाजीही हसला. धैर्यशील हसला नाही. त्यानं बशीतला चहा संपवला.

"आता दुसरं. मॅडम इचारतील, म्हातारा रेडू का म्हनला? तुमी सांगायचं, त्याचं डोस्कं आदीपासनं ठिकानावर न्हाई. काय बी बडबडायचा."

"आवं, त्यांचं डोस्कं चांगलं हाय. गळा गेलाय."

"मला ठाव हाय. मॅडमला ठाव न्हाई."

"मी सांगते की त्यास्नी, आमच्यात समद्यालाच रेडू म्हंत्यात."

"बुडवा मग," धैर्यशील शांतपणे म्हणाला. "समदी माळावरची मानसं ह्याला रेडू म्हंत्यात, आसं तुमच्या तोंडनं आलं की झालंच. माल रेडिओच्या खान्यात जाईल. मी तो सोडवनार न्हाई. सरकार मोडून टाकंल, रोलर फिरवंल. तुमच्या मालकाचा गळा त्यातच हाय, इसरू नका."

रंगुबाई गाडीकडं बघत राहिली. बाळासो काचेमागं ताठ बसला होता, फेट्याचा शेमला सारखा करत.

"आन् सांगितलं तर?"

"सील निघालं की पयला डबा तुमचा."

"त्यांच्याम्होरं बोलायचं?"

"त्यांच्याम्होरंच. त्यांच्याकडं बघून पटलं पायजे." धैर्यशील उठला. "काकू, शब्दच हाय. त्याला काय वजान आस्तं?"

कार्यालयात पंखा फिरत होता आणि टेबलावर एकच डबा होता. संयोगिताबाई पन्नाशीच्या होत्या. आवाज मऊ. त्यांनी बाळासोला खुर्ची दिली, पाणी दिलं. पाणी पिताना तो रुमालावर हात दाबतो, ते पाहून त्यांनी नजर दुसरीकडं नेली.

"आजोबा, हा आवाज तुमचाच ना?" त्यांनी बटण दाबलं.

राम राम मंडळी.

ऑपरेशन झाल्यापासून बाळासोनं तो आवाज ऐकला नव्हता. तो खुर्चीतून अर्धा उठला, पुन्हा बसला. डावा हात कानावर गेला. डोळे मिटले. सुंबरान मांडलं गेलं आणि त्याचे ओठ हलू लागले. एकेक शब्द डब्यातून येई आणि त्याच्या ओठांवर आवाजाविना उमटे. मान डोलत होती. रुमाल श्वासानं फुगत होता, बसत होता. डोळ्यांतून पाणी मिशीत उतरलं तरी त्यानं हात खाली घेतला नाही.

बाईंनी डबा चालूच ठेवला आणि रंगुबाईला विचारलं, "यांनी सुरुवातीला रेडू का म्हटलं?"

रंगुबाईनं तोंड उघडलं. धैर्यशील खोकला.

"मालकाचं डोस्कं ठिकानावर न्हाई," ती म्हणाली.

बाईंनी धैर्यशीलकडं पाहिलं. "यांचं?"

"न्हाई वो. माज्या मालकाचं."

धैर्यशीलला हसू आवरलं नाही. दाराशी उभा धनाजीही हसला. बाईंच्याही ओठांचा कोपरा हलला.

"म्हणजे तुमचे यजमान. कधीपासून?"

"आदीपासनं."

"ऑपरेशनच्या आधीपासून? हे गायले तेव्हापासून?"

"व्हय. काय बी बोलायचं. कुठं बसल्यात त्ये बी कळत नव्हतं त्यास्नी."

बाळासोचे ओठ थांबले होते. हात कानावरच होता, पण डोळे उघडे होते आणि रंगुबाईवर होते. डब्यातला बाळासो गातच राहिला.

संयोगिताबाईंनी त्याच्याकडं पाहिलं. आताच तो आवाज नसताना ओठ हलवत होता, डोलत होता, रडत होता. त्यांनी मान हलवली, डबा बंद केला आणि कारकुनाला सांगून लिहून घेतलं : ध्वनिमुद्रणातील उद्गार भ्रमिष्ट व्यक्तीचे असल्यामुळे वस्तूच्या नावाबाबत ग्राह्य धरता येत नाहीत.

"भरमिष्ट म्हंजी?" रंगुबाईनं जिन्यात विचारलं.

"तुमी म्हनला तेच," धैर्यशील म्हणाला. "सरकारीत."

परतीला गाडी मिळाली नाही. धैर्यशीलचं काम झालं होतं. धनाजीनं दोघांना स्टँडवर सोडलं. एसटीत बाळासो खिडकीकडं तोंड करून बसला. तासगाव मागं पडलं, बेदाण्याची शेडं संपली, झाडी विरळ झाली. तेव्हा रंगुबाई हळूच म्हणाली :

"डब्यापायी बोलले मी. न्हाईतर रोलर फिरवनार हुते त्यावर."

बाळासो वळला नाही. त्यानं तिच्याकडं न बघताच तळहात कानाला लावला.

"यील," ती म्हणाली. "पयला आपल्यालाच."

सील निघालं. डबा वाडीवर आला तो एसटीच्या कंडक्टरच्या हातून, कागदात गुंडाळून. बाळासोनं खुणेनंच निरोप धाडले. मागं सूर धरणारे चौघं आले, ढोलवाला बिरू आला, शेजारच्या बाया आल्या. अंगणात घोंगडं अंथरलं. बाळासोनं डबा मधोमध ठेवला, फेटा नीट केला आणि हात कानावर ठेवला. रंगुबाईनं बटण दाबलं.

खरखर झाली. मग एक बाई हसली आणि स्कूटरची जाहिरात करू लागली.

"दुसरं दाब," बिरू म्हणाला.

दुसरं दाबलं तर कुठल्याशा बाजारातले टोमॅटोचे भाव. पुन्हा दाबलं तर खरखर. सगळी बटणं झाली. चौघांपैकी एकानं डबा उलटा करून बघितला. कार्ड बसवायची खाच रिकामी होती.

रंगुबाईनं धनाजीला फोन लावला. फोन धैर्यशीलनं घेतला.

"कार्ड न्हाई त्यात," ती म्हणाली.

"न्हाईच. त्या ओव्या समद्या काढून टाकल्या. पुन्ना कुनी तपासलं आन् त्यो रेडू ऐकला तर? लोनंदच्या संगनकातल्या बी पुसल्या, चीनला बी पुसायला सांगितलं. आता दुसरा गवई भरतोय."

"मग आमाला ह्यो का धाडला?"

"शब्द दिला हुता, डबा देईन म्हनून. दिला." तो हसला. "आन् तुमालाच रेडू पायजे हुता की, काकू. आता त्यात रेडूच लागतोय. मस्त ऐका."

अंगणात सगळे रंगुबाईच्या तोंडाकडं बघत होते. डबा घोंगड्यावर टोमॅटोचे भाव सांगत होता.

"काय म्हनला?" बिरूनं विचारलं.

उत्तर बाळासोनं दिलं. त्यानं कानावरचा हात काढला. बोट कपाळाच्या बाजूला नेलं आणि गोल फिरवलं. मग तेच बोट स्वतःच्या छातीला लावलं आणि रंगुबाईकडं केलं, हिला विचारा असं. मंडळींना वाटलं म्हातारा गंमत करतोय. ते हसले.

"काय गं, येडा झाला का काय मालक?" एक बाई म्हणाली.

डबा आता चुलीपाशी असतो. रंगुबाई तो लावत नाही आणि फेकतही नाही. बाळासोनं कानाला तळहात लावणं सोडून दिलं. ती भाकरी वाढते, ताट पुढं सरकवते, जेवा म्हणते. तो आधी तिच्याकडं बघतो, बोट कपाळाशी नेऊन सावकाश गोल फिरवतो, आणि मग जेवतो.