टाचेतला निळा धागा

मित्रांनो, क्षणभर डोळे मिटा. ज्याला तुम्ही जीव लावून धरून ठेवलं, त्यालाच तुमच्यामुळे दुखतं आहे, अशी कल्पना करा. करवत नाही ना? मी एक जुना, निळा धागा आहे. शस्त्रक्रियेत टाके घालायचा.

माझं घर म्हणजे एका शिवणकाम करणाऱ्या आईची टाच. लेकीच्या हट्टापायी ती दोरीवरच्या उड्या मारायला गेली आणि टाचेमागची कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी चिवट वादी, तुटली. सर्जनबाईंनी मला सुईत ओवून तुटकी टोकं शिवली. मी अंग आवळून ती धरून ठेवली. हळूहळू तिचा पाय पुन्हा शिलाई मशीनवर चालू लागला. "काय पक्का टाका घातलाय बघा!" असं ती गिऱ्हाइकांना सांगे, तेव्हा मी हरखून जाई.

दोन वर्षं सरली. मायलेकी पुन्हा उड्या मारू लागल्या आणि नेमकी तेव्हाच टाचेवर गाठ आली. लाल झाली, चिघळली. "चप्पल चावली असेल," म्हणत आई जाड मोजा चढवून कामाला बसे. लेकीने मुकाट्याने दोरी कपाटामागे टाकली. तिचं हसणंच गेलं.

शेवटी आई दवाखान्यात गेली, तेव्हा लेकीने विचारलंच, "माझ्यामुळे झालं ना?"

"नाही गं, वेडाबाई," सर्जनबाई म्हणाल्या. "कंडरा छान जुळली आहे. आतला धागा शरीराला परका वाटतोय. कधी कधी इतक्या उशिरासुद्धा होतं असं. पण ताई, तुम्ही आधी यायला हवं होतं."

परका! मित्रांनो, तो शब्द मला सुईपेक्षा खोल टोचला.

मला काढलं. आईने मला मागून घेतलं आणि छोट्या बाटलीतून घरी आणलं.

"टाकून दे त्या मेल्याला!" लेक ओरडली.

"अगं, यानेच तर धरून ठेवलं होतं. मशीनची पक्की टीप बसली की आधी घातलेला कच्चा दोरा काढतोच ना आपण?"

मी मात्र इतके दिवस स्वतःलाच पक्की टीप समजत होतो.

मित्रांनो, दुखणं मोज्याखाली झाकू नका, लगेच सांगा. आणि विचारल्याशिवाय त्याचा दोष स्वतःच्या माथी घेऊ नका.

लेकीने बाटली उजेडात धरून पाहिली. मग तिने मला कच्च्या दोऱ्यांच्या खणात ठेवलं, खण हलकेच लोटला आणि कपाटामागे हात घातला.

"आई, तू नुसती मोज हं."

आतल्या अंधारात मला उड्या ऐकू आल्या. पावलांच्या एकाच जोडीच्या.