घरची विद्यार्थिनी

सासूबाईंनी गाडी मागे घेतली, अगदी अलगद, आणि परीक्षेच्या मैदानातला शेवटचा प्लास्टिकचा खांब आडवा केला. मग काच खाली करून त्यांनी परीक्षक साहेबांना विचारलं, "लागला का हो?"

"लागला, काकू." साहेबांनाच वाईट वाटत होतं. "आठचा आकडा काय सुरेख काढलात. चढावर गाडी तसूभर मागे आली नाही. आणि दरवेळी याच खांबापाशी काय होतं तुम्हाला?"

"नशीब माझं. येते पुन्हा."

मैदानाच्या कडेला बाकावर बसलेल्या सुनेनं कपाळावर हात मारून घेतला. आणि त्याच क्षणी तिच्या पोटात आनंदाची अशी उकळी फुटली, की शेजारी बसलेल्या सासऱ्यांपासून तोंड फिरवून तिला खोटं खोटं खोकावं लागलं. मग लगेच तिला स्वतःची लाजही वाटली. आपली विद्यार्थिनी नापास झाली म्हणून खूश होणारी शिक्षिका दुसरी कुठे सापडली नसती.

तिला सगळे ब्रेकताई म्हणत. मोटार शिकवण्याच्या शाळेतल्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाखालीही एक ब्रेक असतो, आणि हिचा पाय त्यावर इतका तयार, की तिच्या गाडीचा कधी कुणा सायकलवाल्यालाही धक्का लागला नव्हता. स्टिअरिंग पाहूनच घाम फुटणारी माणसं तिच्याकडे येत आणि काही आठवड्यांत हॉर्नसुद्धा न वाजवता बाजारातून गाडी काढत. त्या कामात तिचा जीव होता. सकाळी गाडीची काच पुसताना ती गुणगुणायची, आणि घरातलं कुणी गेल्यासारखा चेहरा करून आलेला माणूस तासाभरानं हसत उतरला, की तिचा दिवस सोन्याचा व्हायचा.

याच गाडीत शिकायला आला चष्म्याच्या दुकानातला एक मुलगा. क्लच सोडायला शिकता शिकता त्यानं मनही तिला देऊन टाकलं, आणि गोष्ट बैठकीपर्यंत आली.

बैठकीत सगळं छान चाललं होतं. शेवटी मुलाच्या वडिलांनी घसा खाकरला.

"मुलगी लाखात एक आहे. पण लग्नानंतर नोकरी बंद. आमच्या सुनेनं दिवसभर परक्या माणसांना शेजारी बसवून गावभर फिरायचं, हे आमच्या घरात चालायचं नाही."

मुलीचे मामा पटकन म्हणाले, "हो हो, ते काय, सोडेल की."

"नाही सोडणार," मुलगी म्हणाली. आवाज चढला नव्हता. "मला हा मुलगा मनापासून हवाय. पण काम सोडून नाही. नाहीतर राहू दे."

मुलगा म्हणाला, "बाबा, मलाही तिचं काम आवडतं." पण त्याच्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं. मामा छताकडे बघत बसले. मोडतंय आता, असं सगळ्यांनाच वाटलं.

तेवढ्यात, तोवर तोंडातून चकार शब्द न काढलेल्या मुलाच्या आई म्हणाल्या, "डोळ्यांच्या ऑपरेशननंतर ह्यांना गाडी चालवायची मनाई आहे. गाडी नुसती उभी आहे दारात. मला शिकायचीय. हिनं मला शिकवावं. मला लायसन्स मिळालं की मग सोडू दे काम."

वडिलांनी मनातल्या मनात हिशेब केला. जगाला चार-सहा आठवडे लागतात, हिला फार तर दुप्पट. "चालेल," ते म्हणाले. "माझा शब्द. लायसन्स मिळेपर्यंत मी हूं की चूं करणार नाही." मुलीनंही मान डोलावली. पुढचं पुढे बघू, असं तिनं मनाशी म्हटलं, कारण मुलगा समोर बसून इतक्या आशेनं तिच्याकडे बघत होता.

लग्न झालं. शिकवणं सुरू झालं. आणि ब्रेकताईला कळलं, की आपण रोज संध्याकाळी आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतोय. पण शिकवण्यात खोट ठेवणं तिच्या स्वभावात नव्हतं. तिनं सासूबाईंना जीव तोडून शिकवलं. शाळेचे मालक तिला डिवचायचे, "अख्ख्या गावाला पास केलंस आणि घरचीच विद्यार्थिनी अडकली होय?" ती हसून काच पुसायला घ्यायची. परीक्षा यायची, खांब पडायचा, आणि तिला आणखी एक ऋतू मिळायचा.

आजही तसंच झालं. परत येताना शाळेची गाडी सासूबाईच चालवत होत्या, शेजारी ब्रेकताई, मागे सासरे. घराजवळच्या अरुंद गल्लीत निम्म्यापर्यंत आल्यावर समोरून कपाटं लादलेला टेम्पो घुसला. मागे हटायला त्याच्यापाशी जागाच नव्हती.

"थांबा आई, मी घेते," ब्रेकताई म्हणाली.

"बस गं. तर काय सांगत होते, तुझी आत्तेसासू नवीन पडदे शिवायला टाकते म्हणाली आणि रंग निवडला कुणी, तर शेजारणीनं." असं म्हणत सासूबाईंनी गाडी मागे घेतली. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला कुणाच्या तरी कुंड्या, मध्ये तिरकी लावलेली स्कूटर. पडद्यांचा रंग, शेजारणीचा आगाऊपणा, आत्तेसासूचा रुसवा, सगळं सांगून होईपर्यंत गाडी कोपरा वळून मोकळ्या रस्त्यावर आली होती. कुंडीतल्या झाडाचं पानसुद्धा हललं नव्हतं. टेम्पोवाल्यानं जाताना सलाम केल्यासारखा हात कपाळाला लावला.

ब्रेकताईनं खाली पाहिलं. तिचा पाय ब्रेकवर नव्हताच. कधी उचलला, तिलाही कळलं नव्हतं.

"आई," ती म्हणाली.

"काय गं?"

"तो खांब..."

"रस्त्याकडे बघू दे मला," सासूबाई म्हणाल्या. त्यांचे कान लाल झाले होते.

तेव्हा दोघींनाही आठवलं, की मागे कुणीतरी बसलंय. ब्रेकताईनं हळूच आरशातून मागे पाहिलं. गाडी चालवायची मनाई असली, तरी ऑपरेशननंतर सासऱ्यांना लांबचं अगदी स्वच्छ दिसत होतं, आणि पडद्यांच्या गोष्टीत ते मुळीच गुंतले नव्हते. त्यांनी खिडकीतून मागे, त्या गल्लीच्या तोंडाकडे, चांगलं निरखून पाहिलं. मग बायकोच्या मानेकडे पाहिलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"सूनबाई," ते म्हणाले.

"हं, बाबा."

"रिव्हर्स अजून फार कच्चा आहे हिचा. एवढ्यात परीक्षेला बसवू नकोस."