जुन्या कॅसेटची खाच

नेत्रानं टीव्हीच्या मागची वायर घट्ट बसवली आणि चॅनेलची चकती हळूहळू फिरवली. पडद्यावरची मुंग्यांची गर्दी विरली, निळं आकाश उमटलं. मागे बसलेल्या जवानांपैकी कुणीतरी "वाह" म्हणालं. सकाळपासून तिनं अशी आठ नवी यंत्रं हॉलमध्ये मांडली होती. लखनऊ छावणीतल्या या पुनर्वसन केंद्राला तिच्या कंपनीनं ती भेट दिली होती आणि ही कल्पना नेत्राचीच होती. केंद्रातले आठ जुने व्हिडिओ गेम परत न्यायचे आणि त्यांच्या जागी आठ नवे द्यायचे.

"कौन आएगा पहले?" तिनं विचारलं.

खिडकीपाशी बसलेला एकजण उठला. असेल तिशीचा. अंगाभोवती शाल घट्ट लपेटलेली, आणि कोपर व बरगडी यांच्यामध्ये दाबून धरलेली एक पिवळी कॅसेट.

"ताई, तुम्ही मराठी ना? साहेब म्हणत होते."

"हो. वडील रेल्वेत होते, म्हणून इथलीच झाले."

"मी नाईक राजाराम. कोरेगाव तालुका, जिल्हा सातारा." त्यानं कोपर सैल केलं. कॅसेट टेबलावर पडली. "एवढी लावा की. ट्रकची हाय."

नेत्रानं ती ओळखली. कंपनीचा सगळ्यात पहिला खेळ. घाटरस्त्यानं ट्रक न्यायचा, दरीत पडू द्यायचा नाही. एकूण वीस पडाव. तिला हसू आलं.

"ही यात नाही बसायची, दादा. नव्या यंत्राला जुन्या कॅसेटची खाचच नाही. पण यातले खेळ कितीतरी भारी आहेत. हे बघा, रंग बघा." तिनं नवा रिमोट त्याच्यापुढे धरला. "हा घ्या हातात."

त्यानं तो लगेच घेतला नाही. आधी टीव्हीकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि मग शालीतून हात बाहेर काढले.

दोन्ही हातांना अंगठे नव्हते. उजव्या हाताची दोन बोटं पहिल्या पेरापाशी संपली होती, डाव्या हाताची तीन मुळापाशीच. जिथं बोटं असायची तिथली कातडी तान्ह्या मुलाच्या टाचेसारखी गुळगुळीत आणि गुलाबी होती. त्यानं दोन्ही तळव्यांत रिमोट धरून उचलला. तो निसटला. त्यानं पुन्हा उचलला.

"हे अंगठ्यानं दाबायचं असतंय व्हय?" त्यानं विचारलं. आवाजात तक्रार नव्हती. दुकानात वस्तूची चौकशी करावी, तसं विचारलं.

नेत्राच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं. ते मागं कसं घ्यावं तिला कळेना. या रिमोटची सहा बटणं तिनं बसवली होती. त्यांच्यातलं अंतर ठरवण्यासाठी कारखान्यातल्या वीस माणसांचे अंगठे पट्टीनं मोजले होते.

"हो," ती कशीबशी म्हणाली.

राजारामनं रिमोट जपून टेबलावर ठेवला, कॅसेट पुन्हा बगलेत सरकवली आणि जागेवर जाऊन बसला.

केंद्राच्या फिजिओथेरपिस्ट कॅप्टन सलोनी खेर तिला व्हरांड्यात घेऊन गेल्या.

"वर बर्फातल्या चौकीपर्यंत रसद न्यायचा. गाडी अडकली, दोन रात्री बाहेर काढल्या त्यानं. आला तेव्हा सहा आठवडे कुणाशी बोलत नव्हता, हात शालीबाहेर काढत नव्हता. मग एकदा मी तो जुना गेम लावला. त्याला दांडा होता ना, उभा? तो दोन मनगटांत धरता यायचा. चौदाव्या पडावापर्यंत गेला होता."

"मॅडम, जुनी यंत्रं परत देताना कुणी काहीच म्हणालं नाही."

"मी महिनाभर सुट्टीवर होते, यार. परत आले तर टेबलं रिकामी." सलोनीनं रुमालानं मान पुसली. "आहेत ना अजून तुमच्याकडे? एक तरी?"

नेत्रानं नकारार्थी मान हलवली. परत आलेली यंत्रं तिच्याच सहीनं फोडली होती. प्लास्टिक भंगारात गेलं, त्यालाही आठ दिवस झाले होते.

"रविवारी त्याची बायको येतेय, गावाहून," सलोनी म्हणाली. "सात महिन्यांनी पहिल्यांदा. तो तिला खेळून दाखवणार होता. चार पत्रांत त्या गाडीचंच आहे. तो सांगतो, मी लिहिते."

लखनऊच्याच तालकटोरा भागातल्या कारखान्यापर्यंत नेत्रानं स्कूटर कशी आणली, ते तिला नंतर आठवलं नाही. तिनं सरळ कपाट उघडून नव्या यंत्राचे नकाशे जमिनीवर पसरले. तिसऱ्या कागदावर ती खाच होती. बत्तीस पिना, शेजारी दांड्याची जोडणी, सगळं तिच्याच हातचं, आणि त्यावर तिनंच लाल पेन्सिलीनं मारलेली फुली. नव्या चिपला जुन्या कॅसेटची भाषा कळत होती. फक्त दार ठेवलं नव्हतं.

त्या फुलीची बैठक तिला शब्दन् शब्द आठवत होती. कंपनीचे मालक, निवृत्त मेजर चारुदत्त वागळे, खाच ठेवायचीच म्हणून अडून बसले होते. ज्यांनी आपलं पहिलं यंत्र घेतलं त्यांच्या कॅसेटा आपणच कचऱ्यात टाकायला लावतोय, असं त्यांचं म्हणणं. त्यावर ती म्हणाली होती, "सर, नवं घेणाऱ्याला नवंच हवं असतं. आणि जुनं खेळायचंच असेल, तर जुनं यंत्र असतंच की त्याच्याकडे." सगळ्यांना पटलं होतं. आणि पुढच्याच महिन्यात जुनी यंत्रं परत घेण्याची योजना तिनं मांडली होती, तीही सगळ्यांना पटली होती.

वागळे दाराशी येऊन उभे राहिले, तेव्हा ती नमुन्याच्या खोक्यातून जुना पितळी दांडा शोधत होती. तिनं थोडक्यात सगळं सांगितलं. ते खाली स्टुलावर बसले.

"सर, तुम्ही तर त्या केंद्रात जायचात. आठही जुनी यंत्रं तुम्हीच दिली होती. बैठकीत का नाही बोललात?"

वागळ्यांनी चष्मा काढला.

"आठवलंच नाही," ते म्हणाले. "मी माझ्या ट्रकच्या खेळासाठी भांडत होतो, नेत्रा. मी बनवलेला पहिला खेळ तो. त्या माणसांची आठवण मलाही झाली नाही."

ते रागावले असते तर तिला सोपं गेलं असतं. ते उठले, आणि कोपऱ्यातली सोल्डरिंगची डाखणी तिच्यासाठी तापत ठेवली.

चार दिवसांत तिनं खाच जोडली. यंत्राच्या कुशीतून वायरींचा जुडगा बाहेर आला होता. दिसायला ओंगळ, पण कॅसेट टकदिशी बसत होती. दांड्याला तिनं रबरी नळी चढवली, मनगटाला टोचू नये म्हणून.

रविवारी अकराला ती पोचली, तेव्हा राजारामची बायको माणिक आलेली होती. नवी हिरवी साडी, पायाशी रेक्झिनची पिशवी. ती राजारामच्या समोर बसली होती आणि त्याच्या शालीकडे बघत नव्हती. हात तिनं पाहून झाले असावेत. तिचे स्वतःचे हात पदराखाली होते.

नेत्रानं काही न बोलता यंत्र जोडलं. पिवळी कॅसेट बसली. पडद्यावर चौकोनी ठिपक्यांचा डोंगर आला, त्यावर करडा रस्ता, आणि रस्त्यावर अंगठ्याएवढा ट्रक. राजारामनं दोन मनगटांत दांडा धरला. खांदे वर आले, श्वास थांबला आणि ट्रक निघाला. पहिलं वळण, दुसरं, अरुंद पूल. मागे चाकांच्या खुर्च्या जवळ सरकल्या. सलोनी हळूच पडाव मोजू लागली.

माणिक उठून नेत्राजवळ आली.

"बाई, एक विचारू?" तिचा आवाज अगदी खाली होता. "पत्रात लिहिलं होतं, गाडी चालवायला लागलोय, आता घाट पण चढतो. ती हीच व्हय?"

नेत्रानं तिच्याकडे पाहिलं.

"बोटाला जरा लागलंय, एवढंच होतं पत्रात." माणिक पडद्याकडे बघत होती. "मी साखर कारखान्यात जाऊन आले, मामांना घेऊन. डायवरची जागा ह्यांच्यासाठी धरून ठेवलीय त्यांनी. एक तारखेपासून."

चार दिवस नेत्रा एकच गोष्ट घोकत होती, ही कॅसेट रविवारपर्यंत चालली पाहिजे. ती चालत होती. सलोनीकडे बघितलं, तर तिलाही ऐकू गेलं होतं. तिचं मोजणं थांबलं होतं. पत्रं तिच्याच अक्षरातली होती.

"तेरा झाले का?" राजारामनं मान न वळवता विचारलं.

त्याच्या मानेवर घाम आला होता. पुढे रस्ता डावीकडे झपकन वळत होता, आणि खाली काळी दरी.

माणिकनं एक खुर्ची उचलली, राजारामच्या डाव्या अंगाला, अगदी चिकटून ठेवली, आणि पदर सावरून तीत बसली. समोर बघत, ड्रायव्हरशेजारी बसावं तशी.

"वळण सावकाश घ्या," ती म्हणाली. "मागनं कुणी येत नाही."