बारा नंबरच्या पान्याची जागा

“कुठल्या गाढवानं हा स्क्रू एवढा आवळलाय?”

माझ्या शेपटीखाली उताणे पडून मेस्त्री कुरकुरत होते. शेजारी घडीच्या स्टुलावर बसून काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, थर्मासमधून चहा ओतत होत्या. त्यांनी तोंड उघडलं, कपावर फुंकर मारली आणि परत मिटलं. माझी वैमानिक हातमोजे चढवता चढवता म्हणाली, “राहू द्या ना काका. ते झाकण कालच तर उघडलं होतं. झालंय सगळं बघून.”

ते गाढव कोण, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. स्क्रू काल संध्याकाळी मेस्त्रींनीच आवळला होता.

मी एक जुनं लष्करी विमान आहे, मित्रांनो. नाकावर पंखा आणि एकामागे एक अशी दोन आसनं. आज इथे विमानांचा मेळा आहे आणि दोरीपलीकडे सकाळपासून गर्दी आहे. ज्याला त्याला एकच विचारायचं असतं, “ह्यानं बॉम्ब किती टाकले?” एकही नाही. लढायला जाणाऱ्या पोरांना आधी नीट उडायला शिकवायचं, एवढंच माझं काम होतं. हे कळलं की लोकांचे चेहरे पडतात आणि ते शेजारच्या तोफवाल्या विमानाकडे वळतात. वळोत बापडे.

कारखान्यात माझे पत्रे रिव्हेटचे खिळे ठोकून जोडले ते दोघी बहिणींनी. एक बाहेरून ठोकायची, दुसरी आत वाकून लोखंडी ठोकळा धरायची. दिवसभर दोघींची भांडणं चालायची, पण ठोका एकही वाकडा पडला नाही. पुढे कितीतरी वर्षं माझ्यात पुढच्या आसनावर विद्यार्थी आणि मागच्यावर गुरुजी बसत. एक विद्यार्थी मला धावपट्टीवर आपटून, बेडकासारख्या तीन उड्या मारून उतरला. गुरुजींनी शांतपणे विचारलं, “वहीत एकदाच उतरलास असं लिहू, की तीनदा?” त्या विद्यार्थ्याचा नंतर फार नावलौकिक झाला. सत्कारात त्याने माझं नाव घेतलं म्हणे. मला कोणी नेलं नव्हतं.

मग नवी विमानं आली आणि मी शेडच्या मागे गेलो. चाकांतली हवा गेली, गवत पोटाला टेकलं, इंजिनात चिमण्यांनी संसार थाटला. सतरा वर्षं माझ्याकडे कोणी मान वळवून पाहिलं नाही. अठराव्या वर्षी दोघं आली. एक त्या तीन उड्यावाल्याची मुलगी. ती आता स्वतः वैमानिक झाली होती; आज मला उडवणार होती ती हीच पोर. दुसरे हे मेस्त्री. उमेदवारीत त्यांनी माझ्याच तेलाने हात काळे केले होते. त्यांनी इंजिनाचं झाकण उचललं, घरट्यात चार पिल्लं पाहिली आणि झाकण हळूच परत लावलं. पिल्लं उडून जाईपर्यंत महिनाभर ते नुसते माझी चाकं पुसत बसले.

मेस्त्रींचा एक नेम आहे. शेडच्या भिंतीला एक पांढरी फळी आहे. तिच्यावर प्रत्येक हत्याराची आकृती लाल रंगाने काढलेली, आणि त्या आकृतीवर ते ते हत्यार टांगलेलं. एखादी लाल आकृती उघडी दिसली, तर विमान जमिनीवरच. ते हत्यार सापडेपर्यंत उड्डाण नाही, मग दोरीपलीकडे राजा उभा असो.

आज सकाळी काकू सगळ्यांच्या आधी आल्या, तेव्हा बारा नंबरच्या पान्याची जागा उघडी होती. हल्ली मेस्त्रींचा चष्मा फ्रीजमध्ये सापडतो आणि एकच गोष्ट ते दोनदा सांगतात. काकू दुसऱ्यांदाही पहिल्यांदा ऐकल्यासारख्या हसतात. पाना घरीच राहिला असेल, असं त्यांना वाटलं. घर दहा मिनिटांवर. स्वयंपाकघराच्या खणात बारा नंबरचा एक पाना होता, नळ गळला की लागणारा. तो त्यांनी आणून टांगला. चारचौघांत नवऱ्याचं हसू होऊ नये, एवढंच त्यांच्या मनात होतं.

खरा पाना माझ्या शेपटीत होता. त्याच झाकणाच्या आत, माझं नाक वर-खाली करणाऱ्या तारेला खेटून. मी वर चढलो असतो तर तो घसरून तारेच्या चाकात अडकला असता, आणि पोरीने कितीही ओढलं तरी माझं नाक हललं नसतं. मला हे माहीत होतं. पण मित्रांनो, आम्हा वस्तूंना बोलायची सोय नाही. ज्यांना आहे, ती माणसं चहावर फुंकर मारतात.

मेस्त्रींनी तो स्क्रू तसाच सोडला. पोर आसनात बसली, पट्टे बांधले. मेस्त्री नेहमीप्रमाणे फळीपाशी गेले. ते हत्यारं डोळ्यांनी बघत नाहीत. शाळेला निघालेल्या लेकरांच्या डोक्यावरून फिरवावा, तसा एकेकावरून तळहात फिरवतात. हात बारा नंबरवर थांबला. मागे आला. पुन्हा गेला.

“ह्याच्या दांड्याला चिकटपट्टी नाही,” ते म्हणाले. “हा आपल्या नळाचा आहे.”

काकू थर्मासचं झाकण फिरवत राहिल्या. ते कधीच बंद झालं होतं.

“अगं, तू लावलास?”

“जागा उघडी दिसली. म्हटलं, घरी राहिला असेल.”

“मग माझा कुठाय?”

कर्ण्यावर माझं नाव पुकारलं गेलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मेस्त्री माझ्यासमोर येऊन उभे राहिले आणि दोन्ही हात डोक्यावर फुलीसारखे धरले. थांब.

“काका, आपली वेळ झाली!” पोर वरून ओरडली.

“उतर.”

तो घट्ट स्क्रू त्यांनी सगळं वजन टाकून फिरवला, कोपरापर्यंत हात आत घातला आणि पाना बाहेर काढला. दांड्याला निळी चिकटपट्टी. पोर पंखावरून उतरून आली होती. तिने पाना पाहिला, तार पाहिली आणि पटकन म्हणाली, “होतं असं, काका. कुणाकडूनही होतं.”

“होतं हो,” काकू म्हणाल्या. “कालचा दिवसच धावपळीचा होता.”

मेस्त्रींनी पाना पुसला, फळीवर नेऊन त्याच्या लाल आकृतीवर टांगला आणि नळाचा पाना काकूंच्या हातात दिला. मग माझ्या पत्र्यावर हात टेकून ते दोघींकडे वळले.

“स्क्रू आवळणारं गाढव मीच ना? दोघींना माहीत होतं.” काकू नळाचा पाना पदराला पुसू लागल्या. “मला आता आठवत नाही, पोरी. हातातलं काय कुठे ठेवलं, ते आठवत नाही.”